भरती बघून निघा: इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचे मठ आणि मच्छीबंदरं

नॉर्थम्बरलंडमध्ये बील नावाची छोटी वस्ती आहे. तिच्यापुढे डांबरी रस्ता समुद्राच्या तळावरून लिंडिसफार्न बेटाकडे जातो आणि रोज दोनदा पाण्याखाली बुडतो. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वीस मिनिटं उशीर झाला होता. रस्ता अजून कोरडा दिसत होता, तरीही थांबलो. सोबत आई होती, ती हर्णैची. तिने समोर बघत विचारलं, "अगं, आज तिथी कोणती?" आदल्या दिवशी प्रतिपदा होती. "मग उधाण आहे. जाऊ नकोस पुढे." पाणी लाटेने आलंच नाही. दोन्ही बाजूंच्या वाळूतून सरकत आलं, रस्त्याकडेच्या खाचा भरल्या आणि दहा-पंधरा मिनिटांत रस्ता दिसेनासा झाला. त्या दिवशी बेट राहिलं, पण या किनाऱ्यावर फिरायचं कसं ते तिथे कळलं.

इथले मठ आणि मच्छीबंदरं एकाच चंद्राच्या तालावर चालत आली आहेत. मठाचे उपास-सण चंद्रावर, होड्यांचं येणं-जाणं भरतीवर. म्हणून लोक करतात तसं एक दिवस "जुने अवशेष" आणि एक दिवस "मासे" असं वाटून घेऊ नका. मठ वर कड्यावर आणि बंदर त्याच्या पायथ्याशी असतं, दोन्ही एकाच दिवशी, एकमेकांना जोडून बघा. व्हिटबीपासून लिंडिसफार्नपर्यंत दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारा पाच-सहा दिवसांचा हा मार्ग मी पाहुण्यांना घेऊन अनेकदा केला आहे. पहिल्यांदाच येणाऱ्यासाठी तो क्रमाने सांगते.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा पर्यटक व्हिसा वेगळा लागतो, युरोपचा शेंगेन इथे चालत नाही. महिना मे ते सप्टेंबरमधला धरा. जूनमध्ये रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो आणि एका दिवसात दोन ठिकाणं आरामात होतात. हिवाळ्यात चार वाजण्याआधीच अंधारतं, शिवाय काही मठ तेव्हा फक्त शनिवार-रविवारीच उघडे असतात.

यानंतर लगेच भरतीचं वेळापत्रक उघडा. लिंडिसफार्नच्या रस्त्यासाठी नॉर्थम्बरलंडची कौंटी कौन्सिल रोजच्या सुरक्षित वेळा आधीच जाहीर करते. त्या तारखा बघून सहलीचा शेवटचा दिवस ठरवा आणि तिथून मागे मोजत बाकीचे दिवस लावा. बहुतेक जण आधी हॉटेल घेतात, नंतर भरती बघतात आणि मग बेटावर जेमतेम दीड तास मिळतो.

कोकणातल्या माणसाला इथे एक मोह होतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, हे गणित आपल्याला पाठ असतं. इथे ते वापरू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, एवढं इथेही खरं आहे. भरतीचा घड्याळी तास मात्र प्रत्येक बंदराचा निराळा असतो. ही गोष्ट तेराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवणारा माणूस याच किनाऱ्यावर राहत होता. त्याचं नाव बीड, मठातला साधू. वाटेत त्याच्या गावी आपण उतरणारच आहोत.

व्हिटबी, टाइनमथ आणि लिंडिसफार्न, तिन्ही मठ इंग्लिश हेरिटेज ही संस्था सांभाळते. परदेशी पाहुण्यांसाठी तिचा ठरावीक दिवसांचा पास असतो. तिन्ही ठिकाणं आणि एखादा किल्ला बघणार असाल तर पास आणि सुटी तिकिटं यांची बेरीज करून बघा. सुटं तिकीटसुद्धा आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं. बुटांचा तळ मात्र चांगला पकडीचा हवा. ओले गोल दगड, शेवाळलेली जेटी आणि कड्यावरची चिखलवाट, सगळं इथे निसरडं असतं. वाऱ्याला अडवणारं जाकीट ऑगस्टमध्येही लागतं. उन्हाळ्यात सकाळी लख्ख ऊन असताना समुद्रावरून अचानक धुकं चढतं, त्याला इथले लोक फ्रेट म्हणतात. ते आलं की दोन तास कड्याच्या काठावर जायचं नाही.

पहिला मुक्काम: व्हिटबी, दोन रात्री

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्क साधारण दोन तास. यॉर्कहून कोस्टलायनरची बस माल्टन, पिकरिंग करत मूरच्या माळावरून व्हिटबीला उतरते. वेळ लागतो, पण ऑगस्टमध्ये हेदर फुललेला असतो आणि सगळा माळ जांभळा दिसतो. बसच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा धरा. मिडल्सब्रोहून एस्क नदीच्या खोऱ्यातून छोटी रेल्वेही येते. तिला दीड तास लागतो आणि दिवसभरात गाड्या मोजक्याच असतात. बसच्या भाड्याला इंग्लंडमध्ये २०२५ पासून एका फेरीसाठी कमाल तीन पौंडांची मर्यादा आहे. बहुतेक कंपन्या तिच्यात आहेत, तेव्हा या किनाऱ्यावर गाडी भाड्याने घ्यायलाच हवी असं नाही.

एस्क नदी गावाचे दोन भाग करते. पूर्वेच्या कड्यावर मठ, त्याखाली जुना कोळीवाडा. पश्चिमेला हॉटेलं आणि देवमाशाच्या हाडांची कमान, कारण अठराव्या शतकात इथून ग्रीनलंडकडे देवमासे मारायला जहाजं जात. राहायला पश्चिम बाजू सोयीची. फिरायला पहाटेच पूल ओलांडून पूर्वेला जा.

मठाकडे चढायला १९९ पायऱ्या आहेत. मधेमधे रुंद टप्पे आणि बाकं दिसतील. वरच्या दफनभूमीत शवपेटी नेणाऱ्या माणसांना खांदा बदलायला, दम घ्यायला ती केलेली आहेत. तुम्हीही तिथे थांबा आणि मागे वळून बघा: लाल कौलारू घरं, मासे धुरावर सुकवणाऱ्या धूरखान्याचा धूर, बंदराच्या तोंडाशी एकमेकांकडे झुकलेले दोन धक्के. गुडघ्यांचा त्रास असेल तर वर मोटारीचाही रस्ता आहे.

मठात शिरण्याआधी सेंट मेरीचं चर्च बघा. बाहेरून ठेंगणं आणि ओबडधोबड दिसतं. आत मात्र लाकडी पेटीसारख्या बंदिस्त बैठका, वर सज्जे आणि छताला जहाजाच्या केबिनसारखे झरोके आहेत. गावात जहाजं बांधणाऱ्या सुतारांचा हात तिथे ओळखू येतो. बाहेरच्या थडग्यांवरची अक्षरं खारट वाऱ्याने इतकी झिजली आहेत की बोट फिरवूनच वाचावी लागतात.

आता मठ. नॉर्थम्ब्रियाचा राजा ऑस्विऊ याने ६५७ मध्ये तो स्थापला आणि हिल्ड या स्त्रीच्या हाती दिला. जोगी आणि जोगिणी अशा दोघांचा हा मठ होता आणि प्रमुख होती बाई. ६६४ मध्ये इथे जी धर्मसभा भरली ती मराठी माणसाला पटकन कळेल, कारण वाद पंचांगाचा होता. ईस्टर येतो वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी. ती पौर्णिमा मोजायची आयर्लंडकडून आलेली रीत वेगळी, रोमची वेगळी. राजा एका रीतीचा, राणी दुसऱ्या रीतीची, त्यामुळे राजवाड्यात एकाचा सण तर दुसरीचा उपास सुरूच. आपल्याकडे स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी लागोपाठ येतात आणि एकाच घरात दोन दिवस वरी शिजते, अगदी तसंच. राजाने निकाल रोमच्या बाजूने दिला आणि इंग्लंडचं पंचांग ठरलं. हे सगळं त्या कड्यावरच्या गवतात उभं राहून आठवा.

याच मठात कॅडमन नावाचा गुराखी होता. पंगतीत वीणा हातोहात फिरायची आणि ती आपल्याकडे येणार असं दिसलं की तो उठून गोठ्यात जायचा, कारण त्याला गाता येत नसे. एका रात्री स्वप्नात कोणी त्याला गायला सांगितलं आणि सकाळी तो सृष्टीच्या निर्मितीचं गाणं घेऊन उठला. हिल्डने त्याला मठात घेतलं. त्या गाण्याच्या नऊ ओळी उरल्या आहेत आणि नाव माहीत असलेला इंग्रजीचा पहिला कवी तोच.

हिल्डच्या काळची इमारत आज उभी नाही. नवव्या शतकात डेन लोकांच्या धाडींत ती गेली. विल्यम राजाच्या फौजेतला रीनफ्रिड नावाचा शिपाई साधू झाला आणि १०७८ च्या सुमारास त्याने मठ पुन्हा उभा केला. आज दिसतात त्या उंच टोकदार कमानी १२२० च्या दशकापासून चढत गेल्या. आठव्या हेन्रीने देशभरचे मठ मोडले, व्हिटबीचा डिसेंबर १५३९ मध्ये. मोडताना आधी छपरांवरचं शिसं काढून नेलं, कारण त्याला मोल होतं. छप्पर गेल्यावर पावसाने आणि वाऱ्याने उरलेलं केलं. मधला मनोरा १८३० मध्ये कोसळला आणि १९१४ च्या डिसेंबरात जर्मन युद्धनौकांचे गोळेही येऊन आदळले.

अवशेष कसे वाचायचे ते एकदा कळलं की पुढच्या सगळ्या मठांत उपयोगी पडतं. पूर्व टोक शोधा: वेदी तिथेच असते आणि बांधकामाची सुरुवातही सहसा तिथून होते, म्हणून तो भाग जुना. पश्चिमेकडे चालत जाल तशी खिडक्यांची घडण बदलते, कारण पैसे संपायचे, पन्नास वर्षं काम थांबायचं, मग नवी तऱ्हा यायची. भिंतीत ओळीने चौकोनी खळगे दिसले तर तिथे तुळया बसवलेल्या होत्या. दक्षिणेच्या बाजूला बहुधा चौक, जेवणघर आणि मुदपाकखाना. मठांचे नियम घालून देणाऱ्या संत बेनेडिक्टच्या नियमानुसार धडधाकट साधूला चतुष्पाद प्राण्याचं मांस वर्ज्य होतं, शिवाय शुक्रवार आणि ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास. म्हणजे एवढ्या मोठ्या मठाला वर्षभर मासा हवा. त्यासाठी कड्याखालचं बंदर.

म्हणून उतरताना हेन्रिएटा स्ट्रीटने जा. तिथे फॉर्च्युन्सचा धूरखाना १८७२ पासून चालू आहे. ताजी हेरिंग पाठीकडून उभी चिरून, उलगडून, मिठाच्या पाण्यात ठेवतात आणि ओकच्या लाकडाच्या धुरावर टांगतात. तिला किपर म्हणतात. हेरिंग आपल्या तारलीच्या कुळातली, तेलकट आणि लवकर खराब होणारी. आपण बांगडा उन्हात सुकवतो, इथे तेवढं ऊन नाही, म्हणून धूर. दाराशी उभं राहिलं तरी केसांना वास लागतो. आईने तिथे एक किपर हातात घेऊन पोटाकडची बाजू दाबून पाहिली, वास घेतला आणि म्हणाली, "मीठ आपल्यापेक्षा कमी लावतात." खोलीवर स्वयंपाकघर असेल तर एक जोडी घ्या, लोण्यावर परता आणि खिडक्या उघड्या ठेवा.

नदीकाठी ग्रेप लेनमध्ये कॅप्टन कुकचं संग्रहालय आहे. १७४६ मध्ये तो ज्या जहाजमालकाकडे उमेदवारीला लागला, त्याचंच हे घर. त्याचं एन्डेव्हर जहाज मुळात व्हिटबीला बांधलेलं, कोळसा वाहणारं. तासाभरात बघून होतं.

माझी आवडती गोष्ट याहून लहान आहे. गावातल्या दुकानांतून गोल, वळसे असलेले दगड विकायला असतात. कड्यांमधून ते झिजून बाहेर पडतात. लोककथा अशी की हिल्डने कड्यावरच्या सापांचे दगड केले, आणि पूर्वी कारागीर त्यांना मुद्दाम सापाचं डोकं कोरून विकत. हे अमोनाइट आहेत, म्हणजे फार जुन्या समुद्री जिवांचे अश्म. त्यांतल्या एका जातीला हिल्डवरून हिल्डोसेरस असं नाव आहे. आणि आपला शाळिग्रामही अमोनाइटच. तुळशीच्या लग्नात कृष्णाच्या जागी ठेवतो तो गंडकीतला काळा दगड आणि व्हिटबीचा हा साप एकाच घराण्याचे. मी इथला एक दगड आणून देव्हाऱ्याजवळ ठेवला आहे. ओहोटीला किनाऱ्यावर सुटे पडलेले दगड शोधता येतात, पण कड्याला हात लावू नका. दरडी सारख्या कोसळतात.

जूनमध्ये असाल तर संध्याकाळी पश्चिमेच्या धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभे राहा. इथला किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे त्या दिवसांत सूर्य समुद्रातून उगवतो आणि समुद्रातच मावळतो. पूर्व किनाऱ्यावर राहून सूर्यास्त पाण्यात बघायला मिळणं ही तिथली खास गोष्ट.

खाण्याबद्दल, विशेषतः शाकाहारी लोकांसाठी

यॉर्कशायरमध्ये फिश अँड चिप्सची पुष्कळ दुकानं गोमांसाच्या चरबीत तळतात. तिला ड्रिपिंग म्हणतात. मासा सोडून नुसते बटाटे घेतले तरी ते त्याच कढईतले. ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं, "वनस्पती तेलात तळता का?" त्यात कोणाला राग येत नाही आणि तेलात तळणारी दुकानंही आहेत. मासे खाणाऱ्यांनी इथे कॉडपेक्षा हॅडॉक मागावा, इथले लोक तोच खातात. खेकड्याचं सँडविचही चांगलं मिळतं. हातात पुडा घेऊन धक्क्यावर उभे राहिलात तर समुद्रपक्षी मागून येऊन झडप घालतात. भिंतीला पाठ लावून खा.

दुसरा दिवस: स्टेथ्स किंवा रॉबिन हुड्स बे

दोन्हींपैकी एकच निवडा. व्हिटबीच्या उत्तरेला स्टेथ्स, दक्षिणेला रॉबिन हुड्स बे, दोन्हीकडे बस जाते. मला स्टेथ्स आवडतं, कारण तिथे अजून कोळीवाड्यासारखं वाटतं. गाड्या वर ठेवून उतारावरून चालत खाली जायचं. घरं एकमेकांच्या खांद्यावर बसलेली, बोळ इतके अरुंद की दोन माणसं आडवी होऊनच जातात. ओढ्यात कोबल जातीच्या होड्या दिसतील. त्यांची नाळ उंच आणि खोल असते, मागचा भाग सपाट. ही होडी बंदराशिवाय उघड्या वाळूवरून लाटेत लोटायची आणि परत वाळूवरच ओढायची, म्हणून अशी घडण. बाजूला शेवंडांचे पिंजरे रचलेले असतात. त्यांना हात लावू नका, तो कोणाचा तरी रोजगार आहे.

रॉबिन हुड्स बेला गेलात तर ओहोटीला जा. भरतीला पाणी थेट उतारापर्यंत येतं आणि कड्याखाली चालत गेलेले लोक अडकतात. परतीला कड्यावरून व्हिटबीपर्यंतची पायवाट दहा-अकरा किलोमीटरची आहे, चढउतार बराच.

तिसरा दिवस: रेल्वेने उत्तरेकडे, बीडच्या गावी

व्हिटबीहून मिडल्सब्रो आणि तिथून हार्टलपूल, संडरलंडवरून न्यूकॅसलला जाणारी गाडी घ्या. हार्टलपूलनंतर बराच वेळ समुद्र उजव्या खिडकीशी असतो. व्हिटबीला येण्याआधी हिल्ड हार्टलपूलच्या मठाची प्रमुख होती. वेळ असेल तर तिथे उतरून तिच्या नावाचं चर्च बघता येतं, नसेल तर पुढे चला.

संडरलंडला उतरा. नदीपलीकडे मंकवेअरमथला सेंट पीटरचं चर्च आहे. बेनेडिक्ट बिस्कपने हा मठ ६७४ मध्ये सुरू केला तेव्हा खिडक्यांना काच लावणारे कारागीर त्याला गॉलहून, म्हणजे आजच्या फ्रान्सहून, आणावे लागले. तिथून मेट्रोने जॅरोकडे जा. स्टेशनचं नावच बीड आहे. जॅरोच्या सेंट पॉल चर्चमध्ये अर्पणाची शिळा भिंतीत बसवलेली आहे, २३ एप्रिल ६८५ ची. ती बघायला मान वर करावी लागते आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत अक्षरं दिसत नाहीत. घाई करू नका.

बीड इथेच लहानाचा मोठा झाला आणि इथेच ७३५ मध्ये वारला. हिल्ड, कॅडमन, धर्मसभेचा वाद, हे सगळं आपल्याला त्याने लिहून ठेवलं म्हणूनच माहीत आहे. कालगणनेवरच्या त्याच्या ७२५ च्या ग्रंथात त्याने चंद्र आणि भरती यांचा मेळ मांडला आणि एकाच किनाऱ्यावरच्या बंदरांतही भरतीची वेळ सारखी नसते असं नोंदवलं. खाडीकाठी राहणाऱ्या साधूने कोळ्यांकडून ऐकून आणि स्वतः बघून हे ताडलं असणार असं मला वाटतं. आमच्या गावच्या तांडेलांना बीड नक्की आवडला असता.

चौथा दिवस: टाइनमथ आणि नॉर्थ शील्ड्स

मुक्काम न्यूकॅसल किंवा टाइनमथला ठेवा, मेट्रोने दोन्ही जोडलेले आहेत. हा दिवस पहाटे सुरू करायचा. सकाळी आधी नॉर्थ शील्ड्सच्या फिश कीवर, म्हणजे मासळीच्या धक्क्यावर जा. ट्रॉलर लागलेले असतात, बर्फाच्या पेट्या हलत असतात. कोळंबीसाठी हे बंदर नावाजलेलं आहे. हर्णैसारखा उघड्या वाळूवरचा लिलाव इथे दिसणार नाही, व्यवहार शेडमध्ये बंद दाराआड चालतो. जाळी दुरुस्त करणारी माणसं मात्र धक्क्यावरच बसतात आणि हात चालू ठेवून बोलतात. फोटो काढण्याआधी विचारा, सहसा हो म्हणतात.

धक्क्यावर हेरिंग साफ करणाऱ्या मुलीचा पुतळा आहे. हेरिंगचे थवे उन्हाळ्यात स्कॉटलंडकडून खाली सरकत तशा या मुली बंदरामागून बंदर करत मागोमाग येत. सुरीने बोटं कापू नयेत म्हणून त्यांवर फडक्याच्या पट्ट्या गुंडाळत आणि तरीही कापलंच तर मिठाने जखमा चिघळत. कोळणींचे हात बघत वाढलेल्या कोणालाही त्या पुतळ्याच्या हातांकडे आधी बघावंसं वाटेल.

आता नदीच्या काठाने समुद्राकडे चाला. अर्ध्या तासाच्या आत टाइनमथच्या खडकावर याल. इथला मठ प्रायरी, म्हणजे दुसऱ्या मोठ्या मठाच्या हाताखालचा. त्याचा प्रमुख प्रायर. नुकतंच जे बंदर बघून आलात ते याच मठाने वसवलं: १२२५ मध्ये प्रायरने मठाला मासे मिळावेत म्हणून नदीकाठी कोळ्यांना झोपड्या बांधून दिल्या. अशा झोपड्यांना शील म्हणत, त्यावरून गावाचं नाव शील्ड्स. न्यूकॅसलच्या व्यापाऱ्यांना हे खपलं नाही. नदीवरचा व्यापार आमचाच, असं म्हणत ते राजाकडे गेले आणि १२९० मध्ये शील्ड्सला माल चढवा-उतरवायला मनाई झाली. साधू आणि सावकार यांच्यातलं ते भांडण पुढे शतकानुशतकं चाललं. वरून खाली बघताना मठ, बंदर आणि दूर न्यूकॅसलकडे जाणारी नदी एका नजरेत येतात.

शनिवार-रविवार असेल तर टाइनमथच्या मेट्रो स्टेशनातच बाजार भरतो. काचेच्या छपराखाली जुन्या वस्तू, ब्रेड, जॅम वगैरे.

पाचवा दिवस: क्रॅस्टर, सीहाउसेस

न्यूकॅसलहून ॲल्निकमार्गे क्रॅस्टर, सीहाउसेस, बँबरा करत बर्विकला जाणारी बस आहे. पूर्ण मार्गावर फेऱ्या कमी, म्हणून सकाळची गाडी चुकवू नका. क्रॅस्टरचा धूरखाना १८५६ चा, आतून काळाकुट्ट, भिंतींवर डांबराचा थर. किपर कुठला चांगला, व्हिटबीचा की क्रॅस्टरचा, यावर इथे वाद होतात. मला क्रॅस्टरचा जास्त रुचतो. गावातून डन्स्टनबरा किल्ल्यापर्यंत गवतातून दोन किलोमीटर सपाट वाट आहे.

सीहाउसेसहून फार्न बेटांकडे होड्या जातात. पफिन पक्षी बघायचे तर मे ते जुलैचा पहिला पंधरवडा हा काळ. वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून सगळा भरवसा त्यावर ठेवू नका.

सहावा दिवस: लिंडिसफार्न

स्वतःची गाडी नसेल तर बर्विकहून बस आहे, पण ती रोज नसते आणि तिच्या वेळा भरतीप्रमाणे बदलतात. टॅक्सीही मिळते. रस्त्याच्या तोंडाशी सुरक्षित वेळांचा फलक आहे. वेळ संपत आलेली असताना पाणी दिसत नाही म्हणून पुढे जाऊ नका. मधे खांबांवर उभारलेली पांढरी खोपटी दिसतील, अडकलेल्यांनी चढून बसायला. दर वर्षी लोकांना त्यांतून सोडवून आणावं लागतं. गाडी मात्र बुडते. वाळूतून खांबांच्या रांगेने जाणारी जुनी यात्रेकरूंची वाटही आहे, साधारण पाच किलोमीटर. तीही जाहीर केलेल्या सुरक्षित वेळेच्या पहिल्या भागातच धरायची, आणि पहिल्यांदा येणाऱ्याने माहीतगार सोबत असल्याशिवाय मुळीच नाही.

जमलं तर बेटावर एक रात्र राहा. लॉजिंग थोडी आहेत, महिनोन् महिने आधी घ्यावी लागतात. दिवसा गर्दी असते. रस्ता बुडाला की ती निघून जाते आणि वस्ती उरते दीडेकशे माणसांची.

६३५ मध्ये ओस्वाल्ड राजाच्या बोलावण्यावरून एडन हा साधू स्कॉटलंडच्या आयोना बेटाहून इथे आला. त्याच्यानंतरचा कथबर्ट बाजूच्या फार्न बेटावर एकांतात राहिला आणि ६८७ मध्ये वारला. सन ७०० च्या आसपास इथे जी चित्रमय बायबलची पोथी तयार झाली ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ७९३ च्या जूनमध्ये व्हायकिंग समुद्रातून आले आणि मठ लुटला. पुढे ८७५ मध्ये साधूंनी कथबर्टचं शव खांद्यावर घेऊन बेट सोडलं. ते शेवटी डरॅमला पोचलं. आज दिसतात ते लालसर दगडाचे अवशेष डरॅमच्या साधूंनी बाराव्या शतकात परत येऊन बांधलेल्या प्रायरीचे. मधला मनोरा पडला, पण त्याची एक तिरपी, नक्षीदार कमान अधांतरी तशीच तोलून राहिली आहे. सकाळी तिच्यातून समुद्र दिसतो.

प्रायरीचे दगड नेऊन बेटाच्या टोकाशी किल्ला बांधला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं राहतं घर करणारा वास्तुकार म्हणजे लट्येन्स, ज्याने नंतर नवी दिल्ली आखली. किल्ल्याच्या वाटेवर उलट्या घातलेल्या अर्ध्या होड्या दिसतील, डांबर लावलेल्या, दार बसवलेल्या. समुद्रातून निवृत्त झालेल्या हेरिंगच्या होड्यांची ही कोठारं. जाळी, दोर, पिंजरे त्यांत ठेवतात. आई त्यांच्याजवळ बराच वेळ बसली होती. मठात तिचं मन तेवढं रमलं नाही, होडीच्या फळ्यांचे सांधे मात्र तिने एकेक करून बघितले.

संध्याकाळी ओहोटी असेल तर गावाच्या मागच्या किनाऱ्यावर जा. समोर कथबर्टचं छोटं बेटूक आहे, तिथे ओहोटीला खडकांवरून पायी जाता येतं आणि वर एक लाकडी क्रूस उभा आहे. घड्याळ बघूनच जा. वाऱ्याची दिशा बरोबर असेल तर पलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावरून सीलांचा आवाज येतो, लांबवर कोणीतरी आळवत असल्यासारखा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ती माणसंच वाटली होती.

दुसऱ्या दिवशी रस्ता उघडला की बर्विक, आणि तिथून लंडनची थेट गाडी, साडेतीन-पावणेचार तासांची. तिकीट काढताना डावीकडची खिडकी मागा. ट्वीड नदीवरचा उंच पूल ओलांडल्यावर थोड्याच वेळात त्या बाजूला समुद्र लागतो आणि लांबवर बेट आणि त्यावरचा किल्ला दिसतो. बीलचा रस्ता त्या वेळी कोरडा असेल की पाण्याखाली, हे तुम्हाला तोवर तोंडपाठ झालेलं असेल.